पाढ्याआधी रांगा: गुणाकार शिकवायला सुरुवात करताना

दुसरीतल्या मुलाला पाचाचा पाढा घडाघडा येतो. पण खुर्च्यांच्या तीन रांगा, प्रत्येकीत पाच खुर्च्या, तर मिळून किती, असं विचारलं की ते एकेक खुर्ची मोजू लागतं. पाढ्यातला ‘पाच त्रिक’ समोर मांडलेला त्याने पाहिलेलाच नसतो. म्हणून आधी रांगा मांडून घ्या.

दोघांच्या जोडीला २४ चिंचोके आणि दोन-तीन सेंटिमीटरच्या चौकटी आखलेला कागद द्या. नुसत्या फरशीवर मुलं एक रांग दाटीने मांडतात, दुसरी ऐसपैस. उभ्या ओळी जुळत नाहीत आणि लांब पसरलेल्या रांगेत जास्त चिंचोके आहेत असं त्यांना वाटतं. एका चौकटीत एकच चिंचोका, हा नियम पुरतो.

सुरुवात पाच-पाचच्या तीन रांगांनी करा, २ × २ ने नको. दोन अधिक दोनही चार आणि दोन गुणिले दोनही चार, त्यामुळे मुलाने मनात बेरीज केली की गुणाकार, हे कळायला मार्गच उरत नाही. ३ × ३ सुद्धा थोडं मागे ठेवा. ‘एका रांगेत किती?’ आणि ‘अशा रांगा किती?’ हे प्रश्न निराळे आहेत. दोन्हींचं उत्तर तीनच आलं की मुलाला ते एकच वाटतात.

लिहिताना कोणता आकडा आधी? ‘पाच त्रिक पंधरा’ म्हणजे पाच, तीन वेळा. त्यामुळे ५ गुण्य, ३ गुणक आणि लिहायचं ५ × ३. काही पुस्तकांत रांगांची संख्या आधी येते, तेही चूक नाही. पण वर्गात एकच रीत ठेवा, आणि ती पाढ्याशी जुळणारी असावी असं आम्ही आग्रहाने सांगू.

पुढची पायरी सगळ्यात महत्त्वाची: एकेक मोजण्याची सवय सोडवणं. वरची रांग आणि डावीकडची उभी ओळ उघडी ठेवून बाकीची मांडणी पुठ्ठ्याने झाका. आता मोजायला चिंचोकेच दिसत नाहीत, म्हणून मूल ‘पाच, दहा, पंधरा’ म्हणू लागतं. इथे कुणी सात म्हणेल. त्याने दिसणारे चिंचोकेच मोजलेले असतात. कुणी रांगा दोनच सांगेल, कारण कोपऱ्यातला चिंचोका वरच्या रांगेत धरला, मग उभ्या ओळीत तो सोडून दिला. चूक खोडू नका. पुठ्ठा एकेक रांग खाली सरकवा आणि प्रत्येक रांगेच्या सुरुवातीला त्याला बोट ठेवू द्या.

यानंतर चिंचोक्यांऐवजी पुठ्ठ्यावर टिकल्या चिकटवा, म्हणजे मांडणी फिरवता येते. पुठ्ठा आडवा होता तो उभा केला की पाच त्रिकचे तीन पाचा होतात. एकही टिकली वाढली नाही की घटली नाही, हे मुलांनाच तपासू द्या.

रांगा समान नसतील तर काय, हे दाखवायला ठिपक्यांची रांगोळी फार उपयोगी. सात ओळींत सात-सात ठिपके असतील तर गुणाकार चालतो; ‘सात ते एक’ काढली तर ओळीगणिक ठिपके कमी होतात, तिथे चालत नाही. का, ते मुलं स्वतः सांगतात.

सहा साते अडलं, तर सहा-सहा टिकल्यांच्या सात रांगांत पाचवीच्या खाली काडी ठेवा. वर सहा पाचा तीस, खाली सहा दुणे बारा, मिळून बेचाळीस. काडी तिसरीखाली सरकवली तर काय होतं, ते पुढच्या तासाला विचारा.