तोच कोड पुन्हा आला, तर : डिझेल पिकअपच्या उत्सर्जन यंत्रणेतील निदानाचा अनुभव

आयटीआय किंवा डिप्लोमा करून पुण्यातील डिझेल वर्कशॉपमध्ये रुजू होणाऱ्या मुलांना पहिल्या वर्षात सर्वांत जास्त सतावतो तो 'रिपीट जॉब', म्हणजे दुरुस्त करून दिलेली गाडी त्याच तक्रारीसाठी पुन्हा दारात येणे. 1 एप्रिल 2020 पासून प्रदूषणाची बीएस-6 मानके लागू झाली आणि ईजीआर (एक्झॉस्टचा काही भाग इंजिनात परत फिरवणारी यंत्रणा), डीपीएफ (एक्झॉस्टमधील काजळी अडवणारा फिल्टर), डीईएफ (एक्झॉस्टमध्ये फवारले जाणारे युरियाचे द्रावण) हे शब्द पिकअपच्या चालकांच्याही तोंडी रुळले. भोसरीतील ज्या वर्कशॉपमध्ये मी काम करतो, तेथे येणाऱ्या रिपीट जॉबपैकी बहुतेक या यंत्रणेचेच असतात. त्यांचे कारण बहुधा एकच असते : स्कॅनरने ज्या भागाचे नाव घेतले तो भाग बदलला जातो, पण तो कशामुळे बिघडला याची चौकशी होत नाही.

पी2463 हा स्कॅनरवर दिसणारा बिघाडाचा कोड घ्या. डीपीएफमध्ये काजळी मर्यादेपेक्षा जास्त साचली, एवढाच त्याचा अर्थ आहे. हा कोड दिसला की स्कॅनर बाजूला ठेवून चालकाला गाडी कोणत्या कामावर आहे, हे आधी विचारावे. पेठांमधून दिवसभर गॅस सिलिंडर पोहोचवणारी गाडी शंभर ठिकाणी थांबते आणि तिचा एक्झॉस्ट पुरेसा तापतच नाही. सक्रिय रिजनरेशनसाठी (रिजन), म्हणजे जादा डिझेल फवारून साचलेली काजळी जाळून टाकण्यासाठी, डीपीएफमध्ये साधारण 600 अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागते आणि ते काही काळ टिकावे लागते. चालकाने मध्येच इंजिन बंद केले की प्रक्रिया अर्धवट राहते. अशा गाडीचा डीपीएफ चोक होण्यात नवल नाही. तेथे निम्मे काम चालकाला समजावून सांगण्याचे असते. रिजन वारंवार अर्धवट राहिले तर जादा फवारलेले डिझेल ऑइलमध्ये उतरते, म्हणून अशा गाडीची डिपस्टिक काढून ऑइलची पातळी वाढलेली नाही ना, हेही पाहावे.

याउलट नारायणगावहून टोमॅटो भरून रोज मार्केट यार्डात येणाऱ्या एका पिकअपचे उदाहरण मला महत्त्वाचे वाटते. तिचा डीपीएफ दुसरीकडे नवा बसवला होता आणि तरीही तोच कोड परत आला होता. हमरस्त्यावर लोड घेऊन सलग धावणाऱ्या गाडीला रिजनसाठी याहून चांगली परिस्थिती मिळणार नाही, त्यामुळे तिचा डीपीएफ चोक होणे हेच मुळात संशयास्पद होते. चावी चालू आणि इंजिन बंद असताना डिफरन्शियल प्रेशर सेन्सरचे (डीपीएफच्या आधीच्या व नंतरच्या दाबातील फरक मोजणारा सेन्सर) वाचन जवळजवळ शून्य आले, म्हणजे सेन्सर खोटे बोलत नव्हता; त्याच्या दोन्ही नळ्याही मोकळ्या व अखंड होत्या. नवा डीपीएफ बसवल्यावर ईसीयूमधील (इंजिनचा नियंत्रक संगणक) जुनी राखेची नोंद स्कॅनरने शून्यावर आणावी लागते, नाहीतर ईसीयू नव्या फिल्टरलाही जुनाच समजत राहतो. ती नोंदही बरोबर होती. रिजनचा इतिहास उघडला तेव्हा धागा हाती लागला : रिजन पूर्ण होत होते, मात्र फारच कमी अंतरांनी. याचा अर्थ काजळी नीट जळत होती, पण इंजिन ती गरजेपेक्षा जास्त तयार करत होते.

मग शोध डीपीएफकडून मागे, हवेच्या वाटेकडे वळला. आयडलिंगला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन चालू असताना, सर्व काही सुरळीत दिसत होते. लोडसह कात्रजच्या चढाला गाडी नेऊन अपेक्षित बूस्ट (टर्बोने इंजिनात भरलेल्या हवेचा दाब) आणि प्रत्यक्ष बूस्ट हे दोन आकडे शेजारी शेजारी पाहिले, तेव्हा प्रत्यक्ष आकडा सतत मागे पडत होता. टर्बोकडून येणारी हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या होजवर क्लॅम्पच्या कडेला ऑइलची ओलसर धूळ चिकटलेली होती; क्लॅम्प सोडल्यावर त्याच्या खाली होजला चीर सापडली, जी दाब वाढल्यावरच उघडत असे. डीपीएफच्या किमतीपुढे त्या होजची किंमत नगण्य होती. नाना पेठेत सुटा भाग मिळणे इतके सोपे आहे, की भाग आधी आणायचा आणि विचार नंतर करायचा ही सवय आपल्या शहरातील मेकॅनिकना लवकर लागते, असे माझे मत आहे.

थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह) उघडा अडकलेला असणे हे असेच एक दुर्लक्षित कारण आहे. कूलंट कामाच्या तापमानाला पोहोचलेच नाही, तर ईसीयू रिजन सुरू होऊ देत नाही आणि चालकाला मात्र गाडी 'थंड चालते' याचे समाधान वाटत राहते.

एससीआर (डीईएफच्या साहाय्याने एक्झॉस्टमधील नायट्रोजन ऑक्साइड, म्हणजे नॉक्स, कमी करणारी यंत्रणा) असलेल्या गाड्यांमध्ये पी20ईई हा कोड वारंवार येतो आणि त्याची शिक्षा बहुतेक वेळा नॉक्स सेन्सरला होते. हा कोड एससीआर कॅटॅलिस्टची कार्यक्षमता कमी पडल्याचे सांगतो. ती कमी का पडली, हे शोधणे आपल्याकडे उरते. डीईएफमध्ये युरियाचे प्रमाण 32.5 टक्के असावे लागते, आणि रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर एक थेंब ठेवला की ते मिनिटभरात कळते. सुट्या कॅनमधून भरलेल्या किंवा पाणी मिसळलेल्या द्रावणाचा निकाल तेथेच लागतो. त्यानंतर डीईएफ फवारणारा डोझिंग इंजेक्टर काढून त्याच्या टोकाशी पांढरे खडे जमले आहेत का हे पाहावे आणि डोझिंग टेस्ट देऊन मोजपात्रात जमलेले द्रावण सर्व्हिस मॅन्युअलमधील आकड्याशी ताडावे. एक्झॉस्टच्या जोडावर काजळीचा काळा फराटा असेल तर तेथे गळती आहे, आणि गळतीजवळच्या सेन्सरच्या वाचनावर विसंबू नये. एवढे झाल्यावरही संशय उरला, तरच सेन्सरकडे जावे.

डीपीएफ काढून सॉफ्टवेअर बदलून देण्याची मागणी गाडीमालक करतील, काही वेळा बराच आग्रहही धरतील. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार वाहनात असे फेरफार करता येत नाहीत. नकार देताना हे स्पष्ट सांगावे आणि त्याच वेळी खरे कारण शोधून देण्याची तयारीही दाखवावी, कारण मालकाचा वैताग खर्चाचा असतो आणि तो रास्त असतो.

कोड पुसण्यापूर्वी फ्रीझ फ्रेमची नोंद जॉब कार्डवर उतरवून घ्यावी : कोड नोंदला गेला त्या क्षणी वेग, लोड, कूलंटचे तापमान किती होते हे एकदा पुसले गेले की परत मिळत नाही. कोड पुसल्याने यंत्रणेच्या स्वचाचण्यांचे निकालही पुसले जातात, त्यामुळे डॅशबोर्डवरील दिवा विझलेला दिसला म्हणून गाडी देऊ नये. लोडसह फेरी मारून त्या चाचण्या पूर्ण झाल्याचे स्कॅनरवर दिसल्यानंतरच जॉब कार्डवर सही करावी.