चांगलं काम केलं की ते सांगायचं कसं? (छोट्या वर्कशॉपवाल्यांसाठी)

दिवाळीला बोनस दिला म्हणजे माणसांची कदर केली असं बऱ्याच मालकांना वाटतं, मलाही वाटायचं. पण बोनस हे बक्षीस नाहीच हो. 20 किंवा जास्त माणसं असतील तर ठरलेल्या मर्यादेतल्या पगारावर कमीत कमी 8.33 टक्के (म्हणजे वर्षाचा बारावा भाग) द्यायला कायदाच सांगतो, जास्तीत जास्त 20 टक्के. तो त्यांचा हक्क, त्याचा हिशोब पोरं गणपतीपासूनच लावून बसलेली असतात. बक्षीस वेगळं.

आधी एक वही करा. खिशात मावेल अशी. कोणी काय चांगलं केलं ते त्याच दिवशी एका ओळीत लिहायचं, तारीख टाकून. वर्षाअखेरीला आठवायला बसलात की जो जास्त बोलतो तोच आठवतो, गप्प काम करणारा हेल्पर राहूनच जातो.

मग सांगायचं, आणि नेमकं सांगायचं. नुसतं "शाब्बास, छान चाललंय" याला काही अर्थ नाही. समजा ऑपरेटरने नुसत्या आवाजावरून ओळखलं की इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) घासलाय, मशीन थांबवलं, नाहीतर रात्रीच्या शिफ्टचे दीड-दोनशे पीस भंगारात गेले असते, तर हे असंच्या असं त्याला सांगा, मशीनपाशी जाऊन, त्याच दिवशी नाहीतर फार तर दुसऱ्या दिवशी. आणि "छान केलंस, पण काल उशीर झाला ना" असलं काही जोडू नका, त्या "पण"नंतर आधीचं सगळं वाहून जातं. उशिराचं वेगळं बोला.

चारचौघांत कौतुक करायचं असेल तर आधी चौकशी करा की त्या कामात अजून कोण होतं. मी इथेच तोंडावर आपटलो. एकदा सगळ्यांसमोर ऑपरेटरला घड्याळ दिलं आणि नंतर कळलं की ते सेटिंग मुळात दुसऱ्याच पोराने लावलं होतं. तो काही बोलला नाही, पण पुढचे आठ दिवस विचारल्याशिवाय तोंड उघडलं नाही त्याने. काहींना तर चारचौघांत नावच नको असतं, त्यांना बाजूला घेऊन चहा पाजत सांगा.

काय द्यायचं? विचारा ना सरळ! कोकणातल्याला गणपतीला दोन दिवस जास्तीची भरपगारी रजा मिळाली तर मिक्सरपेक्षा ती लाखमोलाची, बिहारच्या पोरांना छठचं तसंच. रोख द्यायची तर 501 किंवा 1001 पाकिटात घालून हातात द्या, आणि सारख्या कामाला सारखीच रक्कम, कारण संध्याकाळपर्यंत आकडा सगळ्या शॉपला कळतोच. महिन्याचा बेस्ट कर्मचारी म्हणून भिंतीवर फोटो लावायची पद्धत मला स्वतःला पटत नाही, चार महिन्यांत पाळी लागते आणि मग पोरंच हसतात, "आता तुझा नंबर रे".

कोणी काम सोपं करायची युक्ती सुचवली तर तिला उत्तर द्या, नाही जमणार असलं तरी का नाही ते सांगा. टोयोटाने कामगारांच्या सूचना घ्यायची पद्धत 1951 पासून चालवली आहे, आपल्याकडे एमआयडीसीत कायझेनचे (छोट्या-छोट्या सुधारणांच्या सूचना लावायचे) बोर्ड त्याच घराण्यातले, फक्त आपल्या बऱ्याच बोर्डांवर सूचना पिवळ्या पडेपर्यंत लटकतात.

अजून एक, बिनखर्चाचं. खंडेनवमीला मशीनची पूजा होते तेव्हा नारळ मालकच का फोडतो? ज्याच्या मशीनला वर्षभर रिजेक्शन (नापास पीस) कमी त्याच्या हातात द्या नारळ. घरच्यांना बोलावलं असेल तर अजूनच बरं.

आणि पगारवाढीचं बोलणं यात मिसळू नका. घड्याळ दिलं म्हणून वाढ दाबली असं एकदा पोरांना वाटलं की पुढचं प्रत्येक पाकीट संशयाने उघडलं जातं. एप्रिलमध्ये वाढीला बसाल तेव्हा ती खिशातली वही काढा आणि त्याच्यासमोरच वाचा.