मोफत सर्व्हर की विकतचा? हिशेबातल्या या चुका टाळा

एका रकान्यात विंडोज सर्व्हरची किंमत आणि लिनक्ससमोर शून्य, असा तक्ता समोर आला की तो नव्याने मांडा. चूक दोन्ही रकान्यांत असते.

विकतच्या बाजूला सर्वांत मोठी गफलत कोअर (प्रोसेसरमधली गणना करणारी एकके) मोजताना होते. विंडोज सर्व्हर २०१६पासून नेहमीचा परवाना प्रत्यक्ष कोअरवर आहे: प्रत्येक प्रोसेसरला किमान ८, प्रत्येक सर्व्हरला किमान १६. सहा कोअरचा एकच प्रोसेसर असला तरी १६चेच पैसे. स्टँडर्ड आवृत्तीत सगळ्या कोअरचे पैसे एकदा भरले की विंडोजची दोनच व्हर्च्युअल मशीन (एकाच सर्व्हरवर चालणारे आभासी संगणक) चालवता येतात. म्हणून १२ कोअरचे दोन प्रोसेसर आणि पाच मशीन असतील तर २४ कोअर तीनदा भरायचे, एकूण ७२. एक होस्ट (ही मशीन चालवणारा प्रत्यक्ष सर्व्हर) बंद पडल्यावर ही पाचही मशीन दुसऱ्यावर जाणार असतील, तर त्या होस्टसाठीही ७२. अशा वेळी डेटासेंटर आवृत्तीचा भाव मागवाच. तिच्यात कोअर एकदा भरले की मशीनच्या संख्येला मर्यादा नाही. शिवाय सर्व्हर वापरणाऱ्या प्रत्येक माणसासाठी किंवा उपकरणासाठी कॅल (वापराचा वेगळा परवाना) लागतं, आणि रिमोट डेस्कटॉपचं कॅल त्याहून वेगळं. कोटेशनमध्ये हे बहुधा राहून जातं.

मोफतच्या बाजूला पैसे तासांच्या रूपात जातात. सेंटओएस ८ या मोफत लिनक्सचा सपोर्ट २०२९पर्यंत चालेल असं धरून अनेकांनी आखणी केली होती; तो ३१ डिसेंबर २०२१लाच संपला. स्थलांतराचे तास तेव्हा कुणाच्याच तक्त्यात नव्हते. त्यातही खाचाखोचा असतात. सेंटओएस ७वरची पोस्टग्रेस या मोफत डेटाबेसची डेटा डिरेक्टरी जशीच्या तशी ८च्या पिढीतल्या सिस्टिमवर उचलून नेली, तर ग्लिबसी ही लिनक्सची मूळ लायब्ररी २.१७वरून २.२८वर जाते आणि अक्षरांचा क्रम बदलतो. मजकुरावरचे इंडेक्स (शोधासाठीच्या सूची) गुपचूप बिघडतात: ओळ टेबलात असते, पण शोधल्यावर सापडत नाही. हलवल्यावर लगेच रीइंडेक्स करा, म्हणजे इंडेक्स नव्याने बांधा, आणि त्याला लागणारा बंद काळ खर्चात धरा.

हे तास अंदाजाने लिहू नका. महिनाभर पॅच, बॅकअप, रिस्टोअरची चाचणी आणि रात्रीचे कॉल यांची नोंद ठेवा. दोन्ही बाजूंना ती लागते, विंडोजलाही.

सपोर्टची तुलनाही बरोबरीची हवी. सपोर्टचा करार घेतलेल्या विंडोजसमोर रेड हॅट या कंपनीच्या लिनक्सचं सपोर्टसह सबस्क्रिप्शन ठेवा, नुसतं डेबियन (मोफत लिनक्स) नाही.

बाहेर पडण्याचा खर्च मात्र जवळजवळ कुणीच धरत नाही. एसक्यूएल सर्व्हर हा मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस सोडायचा विचार असेल तर आधी स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच ठेवलेले प्रोग्रॅम) मोजा. त्यांतल्या सर्वांत लांब पाच पोस्टग्रेसच्या भाषेत प्रत्यक्ष लिहून, चाचणीसह चालवून बघा. शंभर ओळींमागे किती तास गेले ते काढा आणि उरलेल्या ओळींना तो दर लावा.