ठिपक्यांच्या जागी पट्टे का उमटतात? रँडम आकडे काढताना या चुका टाळा

सोलापुरात टेरी टॉवेल किंवा चादरीच्या जकार्डसाठी (नक्षी विणणाऱ्या मागासाठी) विखुरलेल्या ठिपक्यांचं डिझाइन करताना स्वतःच सूत्र लिहून रँडम आकडे काढणार असाल, तर नमुना मागावर चढवण्याआधी ते सूत्र नीट तपासा. जुन्या पद्धतींचे दोष कापडावर स्पष्ट दिसतात.

शेवटच्या बिटांवरून रंग ठरवणं

ही चूक हमखास होते. बिट म्हणजे संगणकातल्या आकड्याचा 0 किंवा 1 हा एकेक अंक. गणितज्ञ लेहमर यांच्या 1949 च्या पद्धतीतून आलेलं सूत्र असं: आधीच्या आकड्याला गुणा, ठरावीक संख्या मिळवा, भागून बाकी घ्या. 5 ने गुणून, 3 मिळवून, 16 ने भागलं आणि सुरुवात 7 पासून केली, तर 7, 6, 1, 8, 11, 10, 5, 12 असे आकडे येतात. दिसायला विस्कळीतच. पण चार रंगांसाठी त्यांना 4 ने भागून बाकी (म्हणजेच शेवटचे दोन बिट) काढा: 3, 2, 1, 0, 3, 2, 1, 0. डिझाइनची रुंदी 480 घरं असेल तर सरळ उभे पट्टे येतात, 481 असेल तर तिरपे.

भाजक 2 चा घात असला की शेवटच्या दोन बिटांचं चक्र चारच्या पुढे जात नाही. भाजक वाढवून 2³² केला तरी हे बदलत नाही. म्हणून रंग वरच्या बिटांवरून घ्या: 32 बिटांचा आकडा उजवीकडे 30 बिट सरकवा. चल अनसाइन्ड (उणे चिन्ह नसलेला) ठेवा, नाहीतर उणे रंग हाती येतील.

रँडू

1960 च्या दशकात आयबीएमच्या संगणकांवर सर्रास वापरलेल्या या सूत्रात 65539 ने गुणून 2³¹ ने भागतात. 65539 म्हणजे 2¹⁶ + 3, आणि घात इथेच होतो: प्रत्येक आकडा आधीच्याची 6 पट वजा त्याआधीच्याची 9 पट इतका ठरतो (बाकी 2³¹ ने). ठिपक्याची आडवी जागा, उभी जागा आणि रंग असे लागोपाठचे तीन आकडे घेतलेत, तर सगळे बिंदू फक्त 15 समांतर प्रतलांवर बसतात. सीड (सुरुवातीचा आकडा) बदलून उपयोग नाही. सूत्रच टाकून द्या.

मधले अंक घेणं

गणितज्ञ फॉन नॉयमन यांची पद्धत: चार अंकी संख्येचा वर्ग करा, मधले चार अंक घ्या. 2100 पासून निघालात तर 4100, 8100, 6100 आणि पुन्हा 2100. 3792 चा वर्ग 14379264, म्हणजे पुन्हा 3792 च. शून्य आलं की पुढे शून्यच. शिकण्यापुरती ठीक, कामात नको.

सीड

घड्याळाच्या सेकंदावरून सीड घेणारी ओळ लूपच्या (पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींच्या) आत लिहिली, तर त्या सेकंदातले सगळे ठिपके एकाच जागी पडतात. ती लूपबाहेर, एकदाच लिहा. सीडचा आकडा डिझाइनच्या फाइलसोबत नोंदवून ठेवा. पुन्हा ऑर्डर आली की तोच नमुना काढता येतो.

आज पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत मर्सेन ट्विस्टर हा रँडम आकडे काढणारा प्रकार तयारच मिळतो, डिझाइनला तो भरपूर झाला. ग्राहकांच्या सोडतीसाठी किंवा ओटीपीसाठी मात्र तोही वापरू नका. सीड घड्याळाच्या सेकंदावरून घेतला असेल, तर दिवसाचे सेकंद 86,400 च असतात, ते सगळे तपासून सीड शोधायला संगणकाला वेळ लागत नाही. तिथे पायथनचं सीक्रेट्स मॉड्यूल वापरा, ते ऑपरेटिंग सिस्टिमकडून आकडे घेतं.