अर्धे दिवस शाळा, अर्धे दिवस घर: साथीच्या काळात प्राथमिक वर्ग चालवताना या चुका टाळा

कोविडमुळे मार्च २०२० मध्ये बंद झालेले पहिली ते चौथीचे वर्ग महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात उघडले ते १ डिसेंबर २०२१ ला. जानेवारीत ओमायक्रॉनमुळे पुन्हा कुलूप, मग २४ जानेवारी २०२२ पासून पुन्हा परवानगी. अशा काळात वर्गाचे दोन गट करून मुलांना आलटूनपालटून बोलावणे हा चांगला मार्ग आहे. पण तो बिघडतो, आणि बहुतेक वेळा याच ठिकाणी बिघडतो.

हजेरीपटावरून सम-विषम गट

करायला सर्वांत सोपे, म्हणून सर्वांत जास्त होणारी चूक. दुसरीतली बहीण सोमवारी, चौथीतला भाऊ मंगळवारी; म्हणजे एकाच घराचा संबंध दोन्ही गटांशी. गट वेगळे ठेवण्याचा हेतू तिथेच संपतो. शिवाय मजुरीला जाणाऱ्या आईला रोज एक मूल घरी सांभाळावे लागते.

आधी सगळ्या इयत्तांची एकत्र यादी करा. सख्खी-चुलत भावंडे, एका वाडीची आणि एकाच रिक्षाने किंवा वडापने येणारी मुले एका गटात घाला. चाळीसच्या वर्गात १८ आणि २२ अशी विभागणी झाली तरी चालेल.

वारांकडेही लक्ष द्या. ‘अ’ला सोम-बुध-शुक्र आणि ‘ब’ला मंगळ-गुरू-शनी दिले, तर शनिवारची शाळा अर्धीच असल्याने ‘ब’ गट दर आठवड्याला अर्धा दिवस गमावतो. दर आठवड्याला वार बदला. महिनाअखेरीस सुट्ट्या वजा करून दोन्ही गटांचे प्रत्यक्ष तास मोजा.

फोन स्टँडवर लावून दोन्ही गटांना एकदम शिकवणे

हे दिसायला छान दिसते, अधिकाऱ्यांना दाखवायलाही. प्रत्यक्षात शिक्षक फोनपासून हलू शकत नाहीत, फळ्यावर चकाकी येते, मागच्या मुलाचे उत्तर घरी ऐकू जात नाही. पहिलीच्या मुलाचा हात धरून अक्षर गिरवून घेणे तर पडद्यावरून होतच नाही. आणि फोन आहे म्हणजे तो मुलाच्या हाती आहे असे नव्हे. ‘असर’ या शिक्षणविषयक पाहणीत २०२१ मध्ये देशाच्या ग्रामीण भागातल्या ६७.६ टक्के शाळकरी मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. पण त्यांतल्या २६.१ टक्के मुलांना तो वापरायला मिळतच नव्हता. दिवसभर तो वडिलांच्या खिशात असतो. संध्याकाळी मिळाला तरी मोठ्या भावंडाचा हक्क आधी.

नवा घटक फक्त शाळेत शिकवा, दोन्ही गटांना, सलग दोन दिवस. घरच्या दिवशी फक्त सराव. त्यासाठी कागद पुरतो: एका दिवसाला दोन पाने, एक वाचन-लेखनाचे, एक गणिताचे, आणि एक कृती (तांदळाच्या किती वाट्यांनी तांब्या भरतो, अशी). एकूण काम तास-सव्वातासाचे. प्रत्येक पानावरचे पहिले उदाहरण वर्गातच सोडवून घ्या, म्हणजे घरी वाचता न येणाऱ्या पालकांवर ते अवलंबून राहत नाही. फोन असेल त्यांना तीन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पाठवा. तो एक एमबीच्या आत बसतो आणि फोन रात्री हाती आला तरी चालतो.

पान कोरे आले की लगेच ‘आळशी’ म्हणू नका. पेन्सिल होती का, सूचना कळली का, हे विचारा. मुलगी असेल तर धाकटे भावंड सांभाळत होती का, हेही. सगळे अक्षर मोठ्या माणसाचे असेल, तर काम वयाच्या मानाने अवघड झाले आहे. तपासणी शाळेच्या दिवशी पहिल्या वीस मिनिटांतच करा. दहा दिवसांनी मारलेल्या बरोबरच्या खुणेचा मुलाला काही उपयोग नसतो.

घरच्या दिवसाचा आहार विसरणे

शालेय पोषण आहारात पाचवीपर्यंत रोजचे प्रमाण १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ. महिन्यात १२ दिवस घरी असलेल्या मुलाचा १ किलो २०० ग्रॅम तांदूळ आणि २४० ग्रॅम डाळ कोरड्या शिध्यात गेलीच पाहिजे.

बाके पुसायची, खिडक्या बंद ठेवायच्या

कोविडसारखा आजार मुख्यतः हवेतून पसरतो. तरीही वेळ आणि पैसा फवारणीवर जातो. मुलांच्या अंगावर सोडियम हायपोक्लोराइट मारणे तर सरळ अपायकारक आहे. साबण जाळीच्या पिशवीत नळाला बांधा, बाके दिवसातून एकदा पुसा. बाकी लक्ष हवेकडे.

छताचा पंखा आतलीच हवा फिरवतो. समोरासमोरच्या खिडक्या आणि दार उघडे हवे. एकाच बाजूला खिडक्या असतील तर विरुद्ध भिंतीत बाहेर फेकणारा एक्झॉस्ट पंखा बसवा. २० बाय २५ फुटांची, १० फूट उंच खोली म्हणजे सुमारे १४० घनमीटर. तासाला पाच वेळा हवा बदलायची तर पंख्याने तासाला ७०० घनमीटर हवा फेकली पाहिजे. पंखा उलटा बसलेला नाही ना, हे अगरबत्तीच्या धुरावरून कळते. खोलीत श्वासाची हवा किती साचली हे दाखवणारा कार्बन डायऑक्साइड मीटर घेतलात, तर एनडीआयआर (इन्फ्रारेड प्रकाशाने मोजणाऱ्या) सेन्सरचाच घ्या. स्वस्त मीटर सॅनिटायझरच्या वासानेही चढतात. उघड्यावर आकडा ४२० पीपीएमच्या (दहा लाखांत ४२० भाग) आसपास आणि भरल्या वर्गात ८०० च्या आत हवा.

डबा खाताना मास्क निघतो, म्हणून खाणे व्हरांड्यात किंवा झाडाखाली, गटागटाने. पाच वर्षांखालील मुलांना मास्क नको.

थर्मल गनवर विसंबणे आणि हजेरीचे बक्षीस देणे

लक्षणे नसलेले मूल गनला सापडत नाही, उन्हातून आलेल्याचे कपाळ उगाच तापलेले दिसते. त्यात ‘शंभर टक्के उपस्थिती’चे बक्षीस असले, की पालक पॅरासिटामॉल पाजून मुलाला पाठवतात आणि गन हिरवा दिवा दाखवते. बक्षीस बंद करा. आजाराची रजा गैरहजेरीत धरली जाणार नाही, हे पालकसभेत स्पष्ट सांगा. औषधाशिवाय २४ तास ताप नसेल तरच शाळा, हा किमान नियम; साथीच्या आजाराची खात्री झाली असेल तर आरोग्य विभाग सांगेल तितके दिवस घरी.

एक रुग्ण सापडला की सगळ्या शाळेला कुलूप

गट वेगळे ठेवले असतील तर आधी त्याच गटाचा विचार करता येतो, पण निर्णय प्राथमिक आरोग्य केंद्राला विचारूनच घ्या. त्या गटासाठी पाच दिवसांचे सरावसंच आधीच छापून कपाटात तयार हवेत. दोनशिक्षकी शाळेत खरी अडचण शिक्षक आजारी पडल्यावर येते. आपल्या शाळासमूहातल्या (केंद्रातल्या) शेजारच्या शाळेशी बदली शिक्षकाचे आधीच ठरवा, आणि त्यांच्यासाठी प्रत्येक गट कुठल्या पानावर आहे ते वर्गाच्या दारामागे रोज लिहून ठेवा.