ऑनलाइन सेफ्टी ट्रेनिंग: सर्टिफिकेट आहे, पण कुलूप कुठे लावायचं ते माहीत नाही

सोमवारी सकाळी कॉन्ट्रॅक्टरचे २५ हेल्पर गेटवर उभे असतात. सुपरवायझर गेटपासच्या खिडकीत २५ सर्टिफिकेटांचा गठ्ठा सरकवतो. सगळ्यांना शंभरपैकी शंभर. तो गठ्ठा बाजूला ठेवा, एलएमएसचा (ऑनलाइन कोर्स चालवून हजेरी-गुण नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) रिपोर्ट उघडा आणि फक्त वेळेचा रकाना वाचा. पहिला ११.४२ ला पास, दुसरा ११.४५ ला, तिसरा ११.४८ ला. कोर्स चाळीस मिनिटांचा! नोंदणी करताना २५ नावांपुढे सुपरवायझरने स्वतःचाच मोबाइल नंबर टाकलेला असतो, ओटीपी त्यालाच येतात, उत्तरंही तोच देतो. शंका आली की ‘वरील सर्व’.

एक नंबर दोनदा चालू देऊ नका. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याला ट्रेनिंग रूममधल्या टॅबवर बसवा आणि सुरुवातीला त्याचा फोटो घ्या. व्हिडिओ पुढे ढकलायची सोय बंद ठेवा. तीस प्रश्नांचा साठा करून त्यातले दहा आलटून पालटून येऊ द्या आणि ‘वरील सर्व’ हा पर्याय प्रश्नपत्रिकेतून हद्दपार करा. एवढं करूनही गेटवर दोन प्रश्न तोंडी विचाराच: सायरन झाला तर कुठे जमायचं? मशीनमध्ये जॉब (घडवायचा तुकडा) अडकला तर हात घालण्याआधी काय करायचं? दोन मिनिटं लागतात. तेवढाही वेळ नाही म्हणणाऱ्या प्रॉडक्शनवाल्यांकडे अपघाताच्या चौकशीसाठी मात्र आठवडा निघतो.

पासिंग ८० टक्के ठेवणं ही दुसरी चूक. दहांत दोन चुकले तरी चालतं, पण कुठले दोन? ‘टाकीत सहकारी बेशुद्ध पडला तर लगेच उतरून त्याला बाहेर काढावं’ यावर ‘बरोबर’ अशी खूण करणाराही पास होतो. ईटीपीच्या (कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या) टाकीत विषारी वायूने एकामागून एक माणसं दगावतात ती याच धावपळीत. असे जिवावरचे प्रश्न वेगळे काढा. त्यांतला एक जरी चुकला तरी नापास.

आता सगळ्यात मोठी गफलत: हाताचं काम डोळ्यांनी शिकवणं. लॉकआउट-टॅगआउटचा (दुरुस्तीआधी मशीनची ऊर्जा तोडून कुलूप आणि टॅग लावण्याचा) व्हिडिओ कितीही चकचकीत असला तरी पॉवर प्रेसजवळ माणूस जातो तेव्हा घडतं ते असं. मेंटेनन्सवाला मेन स्विच बंद करतो, कुलूप लावतो, टॅग लटकवतो. व्हिडिओत एवढंच ठळक दिसलेलं असतं. फ्लायव्हील (प्रेसचं जड चाक) मात्र अजून फिरतंय, एअर लाइनमध्ये दाब तसाच आहे आणि रॅम (वरून खाली येऊन दाबणारा भाग) वर लटकलेला आहे. डाय (साचा) सेट करायला हात आत गेला आणि क्लच बसून फिरत्या चाकाने रॅम खाली आणला, तर त्या कुलपाचा काही उपयोग नाही.

म्हणून व्हिडिओनंतर त्याच शिफ्टमध्ये, त्याच मशीनवर पंधरा मिनिटं काढा. ऑपरेटरला सांगायचं, मशीन थांबवायचं, आयसोलेटर (वीज तोडणारा मेन स्विच) बंद करून स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली स्वतःच्या खिशात. फ्लायव्हील पूर्ण थांबू द्यायचं. हवा सोडून गेजचा काटा शून्यावर आलेला बघायचा. रॅमखाली सेफ्टी ब्लॉक लावायचा. मग स्टार्ट बटण दाबून बघायचं आणि सगळे कंट्रोल परत ऑफवर आणायचे. वायरिंगचं काम असेल तर इलेक्ट्रिशियनने मीटर आधी चालू सप्लायवर तपासायचा, मग बंद लाइनवर, मग पुन्हा चालूवर. मधली ‘शून्य’ रीडिंग मीटरच मेल्यामुळे आली नाही ना, हे तसंच कळतं. चौघं काम करणार असतील तर हॅस्पला (एकाच स्विचवर अनेक कुलपं लावायच्या कडीला) चार कुलपं, चार किल्ल्या. ‘साहेबांनी लावलंय ना’ चालत नाही. प्रत्येकाकडून एकदा करून घ्या, मगच कोर्स पूर्ण म्हणून टिक करा.

एलएमएसच्या तक्रारींमध्ये रोजची एक: ‘पूर्ण बघितलं, तरी इनकम्प्लीट दाखवतंय.’ बहुतेक वेळा शेवटची स्लाइड बघून थेट टॅब बंद केलेला असतो, त्यामुळे निकाल सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. ‘एक्झिट’ दाबायची सवय लावा. रेंज गेल्यावर कोर्स पहिल्यापासून सुरू होत असेल, तर स्कॉर्म १.२ (कोर्स आणि एलएमएस एकमेकांशी बोलतात तो ठरलेला फॉरमॅट) मध्ये ‘कुठपर्यंत आलो’ ही नोंद ठेवायला ४,०९६ अक्षरांचीच जागा असते, याची कोर्स बनवणाऱ्याला आठवण करून द्या. दीडशे स्लाइडींचा एकच कोर्स करण्यापेक्षा दहा-दहा मिनिटांचे तुकडे बरे.

भाषेचं तर काय सांगावं. ओडिशा-झारखंडहून आलेल्या पोराला इंग्रजी स्लाइड आणि खाली बारीक अक्षरांत हिंदी. आवाज त्याला समजणाऱ्या भाषेत द्या, अक्षरं कमी करा.

हेड ऑफिसचा कोर्स जसाच्या तसा चालवू नका. त्यातला असेंब्ली पॉइंट (सायरन झाल्यावर जमायची जागा) दुसऱ्याच प्लांटचा असतो.

आणि ‘घरी जाऊन बघा’ तर अजिबात सांगू नका. भोपाळनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने तेव्हाच्या कारखाने अधिनियमात कलम १११-अ आलं आणि सुरक्षेचं प्रशिक्षण हा कामगाराचा हक्क झाला. बारा तास उभं राहून खोलीवर परतलेला माणूस रात्री तुमचा व्हिडिओ लावतो, फोन उशाशी ठेवतो आणि झोपतो. रिपोर्टमध्ये चाळीस मिनिटं बरोब्बर भरतात.