टोमॅटोला आधार द्या, पण खर्च न करता

परतीचा पाऊस ओसरला की सोलापुरात परसात आणि गच्चीवर टोमॅटोची रोपं लागतात. आधाराची आठवण मात्र झाड फळांनी वाकल्यावर होते. तेव्हा काठी ठोकली तर पसरलेली मुळं तुटतात. काठी लावणीच्या वेळीच रोवावी, फार तर दोन-तीन आठवड्यांत, खोडापासून चार बोटं अंतरावर.

रोप घेतानाच जात विचारा. झुडपासारखी बुटकी जात कमरेएवढी होऊन थांबते. तिला तीन-चार फुटांची एक काठी पुरते. वेलीसारखी वाढत राहणारी जात, म्हणजे बहुतेक चेरी टोमॅटो, डोक्याच्या वर जाते. तिला सहा फुटांचा आधार हवा.

काठ्या विकत कशाला आणायच्या? बार्शी-अक्कलकोटकडे कुणी ओळखीचं असेल तर गेल्या हंगामातल्या तुराट्या, म्हणजे तुरीची वाळलेली खोडं, मागून आणा. एकटी तुराटी बारीक पडते, म्हणून तीन तुराट्यांचं तिकाटणं करून वर बांधा. सुबाभळीच्या फांद्याही चालतात, पण पूर्ण वाळलेल्या. ओली फांदी रोवली तर तीच फुटायची. ज्वारीचा कडबा मात्र नको. भिजला की मऊ पडतो, आणि त्याची किंमत उन्हाळ्यात गुरं सांभाळणाऱ्याला विचारा!

आपल्या काळ्या मातीत खरी अडचण पुढे येते. ओली असते तोवर काठी घट्ट वाटते. माती वाळून भेगाळली की तीच काठी डुलू लागते. निदान फूटभर खोल रोवा आणि भेग दिसली की भुसभुशीत माती भरून पायानं दाबा.

बांधायला तार किंवा नायलॉनची दोरी वापरू नका, खोड कापलं जातं. जुन्या सुती साडीच्या नाहीतर फाटक्या चादरीच्या दोन बोटं रुंद पट्ट्या उत्तम. चादरींच्या गावात त्यांना काय तोटा! पट्टी आधी काठीला घट्ट बांधा. मग दोन्ही टोकं एकमेकांवरून ओलांडून खोडाभोवती सैल गाठ मारा, म्हणजे इंग्रजी आठचा आकार होतो. गाठीत करंगळी सहज गेली पाहिजे, कारण खोड अजून जाड होणार आहे. गाठ पानाच्या देठाखाली घ्या, फुलांच्या घोसावर नको. झाड वीत-दीड वीत वाढलं की पुढची पट्टी.

गच्चीवरच्या कुंडीत काठी वाऱ्यानं कलंडते. तिथे वर एक तार ताणून सुतळी खाली सोडा, खालचं टोक बुंध्याला सैल बांधा आणि शेंडा वाढेल तसा सुतळीभोवती वळवत न्या.

वेलीसारख्या वाढणाऱ्या जातीचे पहिल्या फुलघोसाखालचे बगलफुटवे, म्हणजे पान आणि खोडाच्या बेचक्यातून येणारे फुटवे, काढावेत. बुटक्या जातीचे तसेच राहू द्या. मातीला टेकणारी पानंही काढा, पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर करपा, म्हणजे पानं डागाळून वाळवणारा बुरशीचा रोग, तिथूनच चढतो. वरची पानं मात्र हौसेनं छाटू नका. फेब्रुवारी संपता संपता आपल्याकडचं ऊन असं तापतं की उघडी फळं एका बाजूनं पांढरी पडून भाजतात.

पीक संपल्यावर करपा आलेल्या झाडाच्या तुराट्या आणि पट्ट्या पुन्हा वापरू नका, चुलीत घाला. बांबू असेल तर धुऊन आठवडाभर कडक उन्हात टाका.